चौदाव्या पानावरची दोन झाकणं

हे मी अजून कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा नाही — तिथे तर मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागते आणि उठते. मग तुमच्याजवळ का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता हे एकटीने धरवत नाही म्हणून. धीटपणा आला आहे असं मात्र समजू नका. धीट असते तर हे लिहायची वेळच आली नसती.

आधी मी कोण ते सांगते. अमरावतीच्या एका संस्थेत मी वीसेक वर्षं खेड्यापाड्यांत प्रशिक्षण देण्याचं काम केलं. शेवटची सहा वर्षं एकच विषय होता — फवारणी. पिकावर औषध मारताना ते आपल्याच अंगात भिनू नये म्हणून काय करायचं, काय नाही. औषध म्हणतो आपण. असतं ते विषच. या प्रशिक्षणाचं सगळं साहित्य मी स्वतः तयार केलं होतं: भिंतीवर टांगायचे चित्रांचे तक्ते, शिकवणाऱ्यासाठी एक मार्गदर्शिका, आणि लोकांना घरी न्यायला चोवीस पानांची पुस्तिका. चित्रकार मीच शोधला, वाक्यं मीच लिहिली, रंग कोणते हवेत यावरून छापखान्यात भांडलेसुद्धा मीच. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू — गर्व होता. वर्गात मी लोकांना हसवायची, झापायची, तोंडाला फडकं न बांधणाऱ्याला उभं करून त्याची खेचायची. मॅडमची जीभ तिखट आहे, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

त्या पुस्तिकेचं चौदावं पान. त्यावर वांग्यावर आणि कपाशीवर सर्रास मारतात त्या एका औषधाचं प्रमाण दिलं होतं. पंधरा लिटरच्या पंपाला दोन झाकणं. शेजारी बाटलीच्या झाकणाचं चित्र. कृषी विद्यापीठातल्या एका जाणकारांनी तेव्हाच सांगितलं होतं की झाकण लिहू नका, मिलिलिटर लिहा. मी त्यांना हसण्यावारी नेलं. खेड्यात मिली कोण मोजतं, साहेब? बाटलीचं झाकणच मोजमाप असतं तिथे! मी लोकांच्या भाषेत लिहिते, पुस्तकी लिहीत नाही, असं वर ऐकवलं.

पुढे दोनेक वर्षांनी भातकुलीकडच्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात वर्ग चालू होता. मी चौदावं पान वाचलं. मागे बसलेली एक म्हातारी मजूर बाई उठली, पदराच्या गाठीतून दोन झाकणं काढली आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवली. म्हणाली, "मॅडम, यातल्या कोनत्या झाकनानं मोजाव? हे लायनं का हे मोठं?"

एक झाकण बोटाच्या पेरात मावेल एवढं. दुसऱ्यात त्याच्या चौपट-पाचपट औषध बसलं असतं. दोन कंपन्या, दोन बाटल्या, दोन झाकणं. इतकी साधी गोष्ट. मला दरदरून घाम फुटला. छान प्रश्न विचारलात, असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली आणि मोजपात्रानेच मोजा असं सगळ्यांना दहादा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन चूक झाली म्हणून सांगायला हवं होतं की नाही? मी सांगितलं नाही. त्याच महिन्यात पुस्तिकेचं वरच्या बैठकीत कौतुक झालं होतं. मग मी काय केलं — ओळखीच्या छापखान्यातून गुपचूप कागदी पट्ट्या छापून आणल्या. झाकणाने मोजू नका, दहा मिली, मोजपात्रानेच. प्रत्येक वर्गाच्या आदल्या दिवशी घरी जेवणाच्या टेबलावर बसून मी लागतील तेवढ्या पुस्तिकांवर एकेक पट्टी चिकटवायची. नवरा विचारायचा, काय करतेस? मी म्हणायची, सजावट. पुढची चार वर्षं अशीच गेली. कुणाला काही झालं नाही. चूक माझी होती आणि तिचा बंदोबस्तही मीच केला होता, हे मला कुठेतरी शहाणपणाचंच वाटायला लागलं.

मग वरून ठरलं की हे काम यापुढे अकोल्याच्या नव्या चमूकडे जाणार. मला ईमेलवर कळलं. समोर बसवून सांगण्याइतकीही गरज कुणाला वाटली नाही. सगळं तयार साहित्य मे महिन्यात अकोल्याला नेऊन द्यायचं, यादीप्रमाणे एकेक वस्तू मोजून द्यायची, सही घ्यायची.

पट्ट्यांचं पाकीट यादीत नव्हतं. कसं असणार? ते कुणाला माहीतच नव्हतं. ते मी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवलं. एसटीत बसल्या बसल्या काय बोलायचं तेही ठरवलं — छपाईत एक छोटीशी गडबड आहे, या पट्ट्या लावत जा. एवढंच, अगदी सहज बोलल्यासारखं. द्यायच्या इराद्यानेच मी निघाले होते. पण यामुळे माझा गुन्हा हलका होत नाही, उलट वाढतोच. कारण नेमकं काय द्यायचं आहे आणि का द्यायचं आहे, हे मला पक्कं माहीत होतं.

अकोल्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेल. कूलरचं पाणी संपलं होतं आणि नुसता पंखा गरम हवा फेकत होता. नव्या चमूत प्रकल्प बघणारे एक सर होते आणि प्रणाली होती. प्रणाली तिशीची, पातूरजवळच्या एका गावातली. घरी भाजीपाला आणि फुलांची शेती. पुढे गावोगाव वर्ग तिलाच घ्यायचे होते. तिने मला पाणी दिलं, पाया पडली, आणि जाड वही उघडून माझ्यासमोर बसली. मी बोलेन तो शब्द ती लिहून घेत होती. मी शिंकले असते तर तेही लिहिलं असतं तिने!

सरांनी लॅपटॉपवर पुस्तिकेचं नवीन मुखपृष्ठ दाखवलं. आहेत त्या पुस्तिका आधी वापरून संपवायच्या, मग ही नवी छापायची. मी खाली नाव शोधलं. अकोल्याच्या चमूचं नाव होतं. माझं नव्हतं. आतल्या पानावर असेल म्हणून विचारलं, तर तिथेही नव्हतं. "मटेरिअल तुमचंच आहे मॅडम, आपण फक्त थोडं मॉडर्न करतोय," असं ते म्हणाले, अगदी हसून, अगदी नम्रपणे. मीही हसले. आतून मात्र मी पेटले होते.

दुपारी प्रणालीने डबा उघडला. तिच्या बाबांच्या वावरातल्या वांग्यांची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. भाजी मी दोनदा वाढून घेतली. बाबांनी मुद्दाम सकाळी तोडलेली वांगी होती म्हणे, अमरावतीच्या मॅडम येणार म्हणून. आम्ही जेवलो, गप्पा मारल्या. मग यादी वाचून झाली, खुणा झाल्या, सह्या झाल्या. निघताना प्रणालीने वही पुन्हा उघडली, पेन सरसावलं आणि विचारलं, "मॅडम, अजून काही सांगाचं राह्यलं काय?"

माझा हात तेव्हा पिशवीत होता. पाकीट बोटांना लागत होतं.

मी म्हणाले, सगळं पुस्तकात आहे. आणि हात बाहेर काढून पिशवीची चेन लावली.

का? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल! मला कुणाच्या जिवाला धोका व्हावा असं वाटलं का? नाही. देवाशपथ नाही. मला त्यांची फजिती हवी होती. भर वर्गात कुणीतरी दोन झाकणं समोर ठेवावी, या मॉडर्न लोकांना माझ्यासारखाच घाम फुटावा, मग त्यांनी घाबरून मला फोन करावा — मॅडम, आता काय करायचं? — आणि मग मी सावकाश सांगावं. एवढ्यासाठी. मुखपृष्ठावरच्या चार अक्षरांसाठी.

जुलैत तिचा पहिला वर्ग तिच्याच गावात झाला. तशी सूचना मार्गदर्शिकेत मीच लिहून ठेवली होती — पहिला वर्ग आपल्या गावात, आपल्या माणसांत घ्या, म्हणजे भीती जाते. प्रणालीने संध्याकाळी फोन केला. किती लोक आले, बाबा पहिल्या ओळीत कसे बसले, सगळं सांगितलं. मी विचारलं, कुणी काही विचारलं का? ती म्हणाली, नाही मॅडम, सगळ्यांना पटलं. मला राग आला. हो, राग! एकालाही झाकण कसं दिसत नाही? तेव्हाच सांगता आलं असतं. फोन हातात होता, ती बोलत होती. त्यानंतरही तिचे दोन फोन आले. दोन्ही वेळी मी, मस्त चाललंय, असं म्हणून फोन ठेवला.

कुणी विचारलं का नाही, हे मला आता कळतं. घरच्या लेकीला कोण आडवे प्रश्न विचारतं? भातकुलीकडच्या म्हातारीसाठी मी परकी होते, म्हणून तिने तपासून घेतलं. इथे गावातली पोर शिकून आली होती आणि पुस्तक घेऊन उभी होती.

तिचे बाबा तीस वर्षं फवारणी करत होते. एक जुनं, लहानसं झाकण त्यांनी सुतळीने पंपाला बांधून ठेवलं होतं. बाटली कोणतीही असो, मोजायचं त्याच झाकणाने. माझ्याच पुस्तिकेत नवव्या पानावर लिहिलं आहे — जुन्या बाटल्या आणि झाकणं घरात ठेवू नका, फेकून द्या. ते चूक नाही, आजही बरोबरच आहे. लेकीने सांगितलं म्हणून त्यांनी ते झाकण सोडवलं आणि पुरून टाकलं. सप्टेंबरात कृषी केंद्रातून नवी बाटली आणली. तिचं झाकण मोठं होतं. पुस्तिका उघडून चौदावं पान बघितलं आणि दोन झाकणं टाकली. पंपही पेट्रोलवर चालणारा, बारीक तुषार उडवणारा. ऊन कडक. तीस वर्षं अंदाजाने काम करणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा पुस्तकाबरहुकूम वागला. दुपारपर्यंत उलट्या सुरू झाल्या आणि वांग्याच्या वाफ्यातच ते कोसळले.

अकोल्याच्या दवाखान्यात त्यांना श्वासाच्या नळीवर ठेवलं होतं. मला सरांचा फोन आला. आता ऐका, मी पहिलं वाक्य काय बोलले ते. कसे आहेत ते — हे नाही विचारलं. पुस्तिका कुणी बघितली का, हे विचारलं. सरांना वाटलं असेल, केवढी ही कामाची तळमळ!

बाबा वाचले. पण काही आठवड्यांनी पायांतलं बळ जात राहिलं. डॉक्टर म्हणाले, अशा विषाने कधी कधी असं होतं, येईल हळूहळू, सांगता येत नाही. आता ते काठी आणि कुणाचा तरी खांदा धरून अंगणापर्यंत येतात. वावर घरामागेच आहे. तिथवर त्यांना जाता येत नाही.

संस्थेने चौकशी लावली. तोवर माझ्या जुन्या वर्गातली, पट्टी चिकटवलेली एक पुस्तिका कुणाला तरी सापडली होती. एका टेबलावर दोन पुस्तिका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या — एक पट्टीवाली, एक कोरी. म्हणजे चूक मला माहीत होती, हे उघडच झालं. प्रश्न एकच उरला. नव्या लोकांना सांगितलं होतं का?

प्रणाली समोर बसली होती. दवाखान्यातून सरळ तशीच आली होती, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिने वही आणली होती. पान उलटून दाखवत म्हणाली, "मॅडमनं असं काही सांगतलंच नाही. हे पाहा, मी सगळं लिवलं होतं."

खरं बोलत होती ती. तिच्या वहीत सगळं होतं. मी एकदाच मान हलवायची होती. नुसतं हो म्हणायचं होतं. नोकरी तशीही संपतच आली होती माझी, काय गेलं असतं? नाव. लोक काय म्हणाले असते, ते. त्यासाठी माझी जीभ जी वळली — आणि किती चटकन वळली, अडखळलीसुद्धा नाही!

मी म्हणाले, "प्रणाली, तेव्हा तुझी वही बंद होती बाळा. आपण जेवत होतो. पट्ट्या संपल्या आहेत, पण तेवढं पान तोंडी दुरुस्त करून सांगत जा, असं मी तुला म्हणाले होते."

बाळा म्हणाले मी तिला. तिच्या बापाच्या हातची वांगी खाल्ली, आणि त्याच जेवणाचा मी पुरावा केला. खोलीतले सगळे तिच्याकडे बघायला लागले. वीस वर्षांची माझी पुण्याई एकीकडे आणि आठ महिन्यांच्या नोकरीची ही पोरगी दुसरीकडे. कुणाचं खरं धरणार? ती माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला नाही. ती आठवायचा प्रयत्न करत होती. मला तिच्या तोंडावर दिसत होतं, ती ते जेवण घास घास करून आठवत होती.

उरलेल्या सगळ्या पुस्तिकांमधलं चौदावं पान फाडण्यात आलं, त्यामुळे पुढचा धोका टळला. प्रणालीला कामावरून काढलं. निष्काळजीपणा, असं कागदावर आलं. माझा त्याच वर्षी निरोप समारंभ झाला. शाल मिळाली. तो दिवस मी कसा काढला, मला सांगता येत नाही.

आणि तरीही मी गप्प बसले. पातूरला जाते, पाय धरते, सगळं सांगते, असं किती वेळा ठरवलं. एकदा अकोल्याच्या एसटीत बसलेही होते. मूर्तिजापूरला उतरून परत आले. मी लिहिते, फाडते. जेवायला बसले की घास फिरत राहतो. पण हे तुम्हाला का सांगू? त्रास मला होतो म्हणजे मी काही भोगते आहे असं नाही. भोगत आहेत ते तिघं घरात — बाप, आई आणि ती.

आता शेवटचं. याच्यासाठीच मी लिहायला बसले, आणि इथवर येताना इतकी वळणं घेतली.

गेल्या जानेवारीत, भर दुपारी, प्रणाली माझ्या घरी आली. न कळवता. पातूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती, बस बदलत. मला वाटलं, कळलं हिला. एका परीने बरंच वाटलं — सुटले. मी दारातच उभी राहिले. ती आत आली, खाली बसली, आणि माझे पाय धरले. म्हणाली, "मले माफ करा मॅडम. सगळ्याइसमोर म्या तुमाले खोटं पाडाले पाह्यलं."

तेव्हाही एक शब्द पुरला असता.

ती म्हणाली, "रोज आठवून पाह्यलं मी. आता आठवते मले. तुमी भाकर मोडून राह्यल्या होत्या, तवाच सांगतलं होतं. माह्यंच ध्यान नव्हतं. बाबाचे पाय माह्याच्यानं गेले."

तिला आठवत होतं. मी जे कधी बोललेच नाही, ते तिला आता आठवत होतं, मी भाकर मोडत होते त्यासकट. रडून रडून तिचा श्वास लागत होता. माझ्या पायांवर तिचं कपाळ टेकलेलं होतं आणि मी वरून बघत होते.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, जाऊ दे, माणसाच्या हातून चुका होतात.

मी तिला माफ केलं.